पाहणे, पारखणे आणि पाळत ठेवणे

'तपासणे' या शब्दाचे समानार्थी शब्द मुले झटपट सांगतात: पाहणी, पारख, छाननी, चौकशी, पडताळणी, झडती. परीक्षेत त्याचे गुणही मिळतात. पण रोजच्या व्यवहारात यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. डॉक्टर रुग्णाला तपासतात, त्याची झडती घेत नाहीत. सोनार सोने पारखतो, सोन्याची चौकशी करत नाही. निवडणुकीत अर्जांची छाननी होते आणि शेजारी आजारी असला तर आपण त्याची विचारपूस करतो. काम एकच, बारकाईने पाहण्याचे किंवा विचारण्याचे. पण प्रत्येक शब्दामागचा हेतू वेगळा.

आपल्या घरांत मराठी आणि उर्दू शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे हे शब्द दोन्ही बाजूंनी उलगडून पाहण्याची सोय आपल्याला आहे.

शब्दाच्या पोटात काय आहे?

छाननी म्हणजे मुळात चाळणे. उर्दूत आपण छानबीन म्हणतो: चाळायचे आणि वेचायचे. तांदूळ निवडणारी बाई हेच करते. तिला खड्यांवर राग नसतो, तिला भात हवा असतो. कसोटी हा सोनाराचा काळा दगड. त्यावर सोने घासले की त्याचा कस कळतो.

उर्दू शाळांत तपासणीला मुआयना म्हणतात. त्यात अरबी 'ऐन' आहे, म्हणजे डोळा. ऐकीव माहिती नव्हे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले. तहकीक या शब्दात 'हक' आहे. जे सत्य आहे तिथपर्यंत पोहोचणे म्हणजे तहकीक. संस्कृतातून आलेल्या 'परीक्षा' शब्दाचा मूळ अर्थ सर्व बाजूंनी पाहणे. आणि विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो की इम्तिहान आणि मेहनत हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत.

काही शब्दांनी तर सीमा ओलांडताना अर्थच बदलला. उर्दूत 'खातिर जमा रखिए' म्हणजे निश्चिंत राहा, मन शांत ठेवा. मराठीत खातरजमा करणे म्हणजे खात्री करून घेणे. नीट पाहिले की मन ठिकाणावर येते, हा धागा दोन्हीकडे आहे. 'नजरअंदाज' हा शब्द त्याहून गमतीचा. उर्दूत त्याचा अर्थ दुर्लक्ष करणे. आपल्या महसूल खात्यात मात्र पीक डोळ्यांनी पाहून बांधलेल्या पहिल्या अंदाजाला 'नजर अंदाज पैसेवारी' म्हणतात. एकीकडे पाहूनही न पाहणे, दुसरीकडे पाहून ठरवणे!

कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी होते, तिला उर्दूत जिरह म्हणतात. हा शब्द अरबी 'जर्ह' वरून आला आणि त्याचा अर्थ जखम. हदीस सांगणाऱ्या रावींची पारख करणाऱ्या शास्त्राचे नावही 'जर्ह व तादील' आहे. पण त्या नावाचा दुसरा अर्धा भाग विसरू नये. तादील म्हणजे एखाद्याचा सच्चेपणा मान्य करणे. दोष दिसला तर सांगायचा आणि माणूस खरा ठरला तर तेही तितक्याच ठामपणे सांगायचे.

एकाच सूरेत दोन शब्द

कुरआनातील सूरह अल-हुजुरातमध्ये या विषयाचे दोन शब्द थोड्याच अंतरावर येतात. सहाव्या आयतीत तबय्युनचा आदेश आहे: बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. बाराव्या आयतीत तजस्सुसची मनाई आहे: एकमेकांच्या उणिवा हुडकत फिरू नका. जासूस हा शब्द याच धातूचा. मुळात त्याचा अर्थ हाताने चाचपणे. आजच्या उर्दूत तजस्सुस म्हणजे जिज्ञासा असाही चांगला अर्थ आहे. विज्ञान शिकणाऱ्या मुलात तो हवाच. मनाई आहे ती माणसांच्या झाकल्या गोष्टी चाचपण्याची.

म्हणजे तपास करणे चांगले की वाईट, असा प्रश्नच नाही. कान आलेल्या बातमीकडे लावायचे की शेजाऱ्याच्या भिंतीला, हा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मी फळ्यावर एक वाक्य लिहिले: 'आईने माझे दप्तर...' आणि पुढे पर्याय दिले: पाहिले, तपासले, चाचपले, झडती घेतली. प्रत्येक शब्दाने काय वाटते ते लिहा, असे सांगितले. एका मुलीने लिहिले, "तपासले तर आईला माझी काळजी आहे. झडती घेतली तर मी चोर आहे." व्याकरणाच्या पुस्तकात हा फरक इतक्या थोडक्यात मला कुठे सापडला नाही.

घरात हा फरक कुठे लागतो?

स्थळ आले की चौकशी करावीच. मुलगा काय करतो, कर्ज किती, व्यसन आहे का, आधीचे लग्न झाले होते का, हे विचारणे पालकांचे कर्तव्य आहे. ही तहकीक. पण मुलीच्या मावशीचा तलाक का झाला, ती कॉलेजात कुणाशी बोलायची, हे दहा घरी विचारत फिरणे म्हणजे तजस्सुस. लग्न जमत नाही ते नाही, वर त्या मुलीचे नाव गल्लीभर होते. विचारणारे चहा पिऊन निघून जातात. त्या घराला तिथेच राहायचे असते.

मोबाइलवर आलेल्या बातमीचे मात्र उलटे घडते. तिथे शहानिशा हवी, तर आपण ती करत नाही. कुणी पाठवली, कधीची, फोटो त्याच गावचा का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

आणि मुले? त्यांचा फोन पाहावा का, असे पालक नेहमी विचारतात. लहान मुलाचा जरूर पाहावा, पण त्याला सांगून, त्याच्या शेजारी बसून. तो झोपल्यावर पाहिला की ती पाळत होते. एकदा त्याला ते कळले की तो लपवायला शिकतो, आणि मग कितीही तपासले तरी हाती काही लागत नाही.

काही विचारण्याआधी मनातल्या मनात वाक्य पुरे करून पाहावे: मी पारखतो आहे, खातरजमा करतो आहे, की झडती घेतो आहे? योग्य शब्द सापडला की विचारण्याचा सूरही आपोआप सापडतो. आणि शेवटी वेळ उरला तर थोडी विचारपूसही करावी. तिच्यासाठी कोणताही संशय लागत नाही.