परदेशी गेलेल्या श्रमिकांनो, आपली वर्षे मोजून घ्या!

म्हातारपणीचे पेन्शन ही मालकाची मेहरबानी नव्हे आणि लेकरांसाठी मिळणारा भत्ता ही सरकारची भीक नव्हे. हे दोन्ही श्रमिकाचे हक्क आहेत. नेदरलँड्स या देशाने ही गोष्ट कायद्यात लिहून ठेवली आहे. पण हक्क कायद्यात असणे आणि तो श्रमिकाच्या पदरात पडणे यात फार मोठे अंतर असते. हे अंतर सर्वात जास्त कोणाला भोगावे लागते? बाहेरून आलेल्या कामगाराला!

तिथे १९५७ पासून वृद्धांच्या सरकारी पेन्शनचा कायदा लागू आहे. त्याला ‘एओडब्ल्यू’ म्हणतात. या कायद्यात जात, धर्म, नागरिकत्व यांना थारा नाही. जो त्या देशात कायदेशीरपणे राहतो किंवा काम करतो, तो सर्वसाधारणपणे विमाधारक ठरतो. घर सांभाळणाऱ्या बाईचाही स्वतःच्या नावाने हिशोब चालतो. मात्र विवाहित स्त्रीला स्वतंत्र पेन्शनसाठी १९८५ पर्यंत थांबावे लागले, हेही विसरून चालणार नाही.

हिशोब साधा आहे. एका वर्षाच्या विम्याला दोन टक्के. पेन्शनच्या वयाआधीची पन्नास वर्षे पूर्ण भरली तर शंभर टक्के. हे वय २०२४ पासून ६७ आहे आणि २०२८ मध्ये ते ६७ वर्षे ३ महिने होईल. जन्मापासून तिथे असलेल्याची वर्षे आपोआप भरतात. पण जो तिसाव्या वर्षी पोटासाठी तिथे गेला, त्याने सदुसष्टाव्या वर्षापर्यंत घाम गाळला तरी ७४ टक्क्यांच्या वर पेन्शन नाही. नियम सर्वांना सारखाच, पण झळ मात्र एकालाच!

१९६४ मध्ये तुर्कस्तानशी आणि १९६९ मध्ये मोरोक्कोशी करार करून नेदरलँड्सने मजूर नेले. ऐन तारुण्यात कारखान्यात राबलेली ही माणसे म्हातारपणी अपुऱ्या पेन्शनवर आली. त्यांना वरची रक्कम पूरक मदत म्हणून मिळते. पण त्यासाठी मिळकतीची झडती द्यावी लागते. गावाकडे असलेले घर किंवा जमीन दाखवावी लागते आणि वर्षातून १३ आठवड्यांपेक्षा जास्त काळ परदेशात राहता येत नाही. पेन्शन हक्काने मिळते. ही मदत मात्र चौकशीला तोंड देऊन घ्यावी लागते.

सुरिनामच्या लोकांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २५ नोव्हेंबर १९७५ पर्यंत सुरिनाम हा डच राज्याचाच भाग होता. तेथून नेदरलँड्सला आलेल्यांमध्ये भारतातून गिरमिटिया म्हणून नेलेल्या मजुरांचे वंशजही आहेत. एकाच राज्याचे नागरिक असूनही त्यांची सुरिनाममधली वर्षे पेन्शनमध्ये धरली गेली नाहीत. अनेक वर्षांच्या लढ्यानंतर सरकारने पात्र वृद्धांना एकदाच ५,००० युरो देऊ केले. आयुष्यभराच्या तुटीवर ही फुंकर झाली, न्याय नव्हे.

आता मुलांच्या भत्त्याकडे वळू. अठरा वर्षांखालील मुलांसाठी दर तिमाहीला हा भत्ता मिळतो. त्याला मिळकतीची अट नाही. मूल वाढेल तशी रक्कम वाढते: पाच वर्षांपर्यंत ७० टक्के, अकरापर्यंत ८५ टक्के आणि त्यानंतर पूर्ण. तिमाहीच्या पहिल्या दिवशी काय परिस्थिती आहे त्यावर हक्क ठरतो. पेन्शन आणि हा भत्ता, दोन्ही ‘एसव्हीबी’ ही एकच सरकारी संस्था पाहते. तिथे जन्मलेल्या बाळाची नोंद होताच संस्था स्वतः पत्र पाठवते. पण जो कामगार मुलांना सोबत घेऊन येतो, त्याने स्वतः अर्ज करायचा असतो. मागची रक्कम फार तर एक वर्षाची मिळते. माहीत नव्हते म्हणून कोणी थांबत नाही!

आणि अर्जात चूक झाली तर? पाळणाघराच्या खर्चासाठी तिथे वेगळे अनुदान आहे, ते त्या काळी करखाते पाहत असे. त्या अनुदानात हजारो पालकांना खोटेच लबाड ठरवले गेले. सहीसारखी किरकोळ त्रुटी दाखवून हजारो युरो परत मागितले गेले. संसार मोडले. त्यात स्थलांतरित घरांची संख्या मोठी होती. संसदीय समितीने डिसेंबर २०२० मध्ये याला अभूतपूर्व अन्याय म्हटले, जानेवारी २०२१ मध्ये रुट्टे सरकारने राजीनामा दिला आणि २०२२ मध्ये करखात्यात संस्थात्मक वंशवाद होता हे सरकारला कबूल करावे लागले. कायदा कितीही समतेचा असो, तो राबवणाऱ्याच्या मनात परक्याविषयी संशय असेल तर काय होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

हे सारे आपल्याला का माहीत हवे? कारण पुण्या-मुंबईतून आपली शिकलेली मुले-मुली आज अ‍ॅमस्टरडॅम, आइंडहोव्हनला कामाला जातात. भारत आणि नेदरलँड्स यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार डिसेंबर २०११ पासून लागू आहे. इथल्या कंपनीने भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचे प्रमाणपत्र घेऊन पाठवले, तर तिथला विमा लागू होत नाही. म्हणजे तिथल्या पेन्शनचे वर्षही जमत नाही आणि मुलांचा भत्ताही नाही. तिथल्या कंपनीत थेट नोकरी असेल तर दोन्ही हक्क मिळतात आणि ते पेन्शन पुढे भारतात राहूनही घेता येते. पाच वर्षे काम म्हणजे दहा टक्के पेन्शन. ते सोडून का द्यायचे?

म्हणून विमानात बसण्याआधी कंपनीला एकच प्रश्न विचारा: माझा विमा कोणत्या देशात? करारपत्र, पगाराच्या पावत्या, पत्ता नोंदवल्याचा कागद, भाडेकरार जपून ठेवा. परत आलात तरी टाकून देऊ नका. परदेशी निघालेल्या शेजारच्या मुलालाही हे समजावून सांगा. श्रम आपले, वर्षे आपली. त्यांचा हिशोबही आपणच ठेवला पाहिजे!