विश्लेषण : पासवर्डची तिजोरी एक, उपकरणे तीन, ती सुरक्षित कशी ठेवायची?

नागपूर : मिहानमधील कार्यालयात लॅपटॉप, घरी संगणक आणि मेट्रोतून जाता-येता हातात फोन. उपकरणे तीन, पण लागणारे पासवर्ड तेच. बँक, भविष्य निर्वाह निधी, प्राप्तिकर, महावितरणचे बिल, महापालिकेचा मालमत्ता कर अशी यादी वाढतच जाते. कुणी ते डायरीत लिहितो, कुणी स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवतो. ‘पासवर्ड मॅनेजर’ हा यावरचा चांगला उपाय आहे. मात्र ही तिजोरी एकाहून अधिक उपकरणांवर न्यायची म्हटले, की ती वाटेत चोरीला गेली तर, हा प्रश्न उभा राहतो.

तिजोरी म्हणजे नेमके काय?

पासवर्ड मॅनेजर सर्व पासवर्ड एकत्र ठेवून ते कूटबद्ध करतो, म्हणजे वाचता न येणाऱ्या स्वरूपात बदलतो. ते उघडण्यासाठी एकच मुख्य पासवर्ड लागतो. बँकेच्या लॉकरची एक किल्ली बँकेकडेही असते. चांगल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये तशी किल्ली कंपनीकडे नसते. कूटबद्ध करण्याचे काम आपल्याच फोनवर होते आणि बाहेर जाते ती कुलूपबंद फाइल. म्हणूनच मुख्य पासवर्ड विसरल्यास कंपनी तो सांगू शकत नाही.

ती दोन उपकरणांवर जुळते कशी?

मार्ग दोन. पहिल्यात बिटवॉर्डन किंवा वनपासवर्डसारख्या सेवा कुलूपबंद तिजोरी आपल्या सर्व्हरवर ठेवतात आणि प्रत्येक उपकरण तेथून ताजी प्रत घेते. दुसऱ्यात फाइल आपल्याच ताब्यात राहते. २००३ पासून मोफत उपलब्ध असलेले कीपास याच पद्धतीचे. ही फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवता येते किंवा सिंकथिंगसारख्या मोफत साधनाने फोन आणि संगणक थेट जोडता येतात. त्यात मधे कुणाचा साठा नसतो, पण दोन्ही उपकरणे एकाच वेळी सुरू असावी लागतात. तांत्रिक सवय नसलेल्यांसाठी पहिला मार्ग सोयीचा.

लास्टपासच्या घटनेने काय शिकवले?

लास्टपास या मोठ्या कंपनीने ऑगस्ट २०२२ मध्ये घुसखोरी झाल्याचे जाहीर केले. ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरांच्या हाती लागल्याचे डिसेंबरमध्ये सांगितले गेले. पासवर्ड कूटबद्ध होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. म्हणजे कोणाचे खाते कुठे आहे, हे चोरांना वाचता येत होते. चोरलेली तिजोरी घरी नेऊन मुख्य पासवर्डचे अंदाज कितीही वेळा बांधता येतात. तेथे तीन चुकांनंतर खाते बंद होत नाही. ज्यांचा मुख्य पासवर्ड कमकुवत, त्यांचा धोका सर्वात मोठा. त्यामुळे निवड करताना ‘फाइल चोरीला जाईल का’ यापेक्षा ‘चोरीला गेली तरी उघडेल का’ हे पाहणे महत्त्वाचे.

मुख्य पासवर्ड कसा असावा?

लांब आणि नशिबावर सोडलेला. ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून पाच शब्द निवडल्यास २८ अब्ज-अब्जांहून अधिक शक्यता तयार होतात. तर्री, सावजी, फुटाळा असे शब्द मनाने जोडू नयेत. नागपूरकराला सुचतील ते चोरालाही सुचतात. हा पासवर्ड इतर कोठेही वापरू नये. सेवेच्या खात्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी जोडावी. कीपासमध्ये वेगळी ‘की फाइल’ही जोडता येते. मात्र ती तिजोरीसोबत त्याच ड्राइव्हवर ठेवणे म्हणजे कुलपालाच किल्ली अडकवण्यासारखे आहे. ती केबल किंवा पेन ड्राइव्हने न्यावी.

कोणत्या उपकरणावर तिजोरी उघडू नये?

सायबर कॅफेतील किंवा दुसऱ्याच्या संगणकावर अजिबात नाही. लास्टपास प्रकरणात एका अभियंत्याच्या घरच्या संगणकात शिरून, तो टंकित करत असलेला मुख्य पासवर्डच टिपण्यात आला होता. उघडणारे यंत्रच फितूर असेल, तर कुलूप कितीही भक्कम असून उपयोग नाही. कार्यालयाच्या लॅपटॉपवर नियंत्रण कंपनीचे असते. त्यामुळे तेथे घरची तिजोरी न नेलेली बरी. गरजेपुरता पासवर्ड फोनवर पाहून टाकता येतो.

फाइल जुळवताना काय बिघडते?

नेट नसताना फोनवर एक बदल केला आणि घरी संगणकावर दुसरा, तर एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या होतात. अशी ‘कॉन्फ्लिक्ट’ प्रत दिसल्यास ती घाईने पुसू नये. कीपासमध्ये दोन्ही एकत्र करण्याची सोय आहे. दुसरे म्हणजे, जुळवणी ही राखीव प्रत नव्हे. एका ठिकाणी चुकून पुसलेली नोंद सर्वत्र पुसली जाते. म्हणून महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर प्रत काढून ती वेगळी ठेवावी.

फोन हरवला तर?

सीताबर्डीच्या गर्दीत फोन गेला, तर घरच्या संगणकावरून त्या फोनचा सेवेतील प्रवेश रद्द करावा आणि सिमकार्ड बंद करावे. पोलिसांत तक्रार देऊन ‘संचार साथी’ संकेतस्थळावर फोन ब्लॉक करता येतो. खात्यातून पैसे गेल्यास तातडीने १९३० वर कळवावे. पडताळणीचे कोड त्याच फोनवर येत असतील, तर आपलेच दार बंद होते. त्यासाठी रिकव्हरी कोड आधीच कागदावर लिहून ठेवावेत.

हा कागद आणि मुख्य पासवर्ड बंद लिफाफ्यात घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा आणि घरातील एका विश्वासू व्यक्तीला त्याची कल्पना द्यावी. मुले पुण्या-बंगळूरुत आणि आईवडील नागपुरात, अशा घरांत अडचणीच्या दिवशी हाच लिफाफा कामी येतो.