तिसऱ्या मजल्यावरचं हसू

गझल लिहिणारा माणूस स्वतःला ‘दिवाना’ म्हणवून घेतो आणि मुशायऱ्यात त्यावर दाद मिळते. मीही ती घेतली आहे. कैसचा मजनू झाला, म्हणजे नावच ‘वेडा’ पडलं, तरी लोक शतकानुशतकं त्याचे गोडवे गातात. पुरुषाचं वेड असं वाळवंटभर मोकळं हिंडतं. बाईच्या वेडाला मात्र बाहेरून कडी असते. हे माझ्या लक्षात आलं ते एका इंग्रजी कादंबरीमुळे.

शार्लट ब्राँटेची ‘जेन आयर’ १८४७ साली प्रसिद्ध झाली. बी.ए.ला असताना मी ती पहिल्यांदा वाचली. जेन ही अनाथ, गरीब शिक्षिका. थॉर्नफिल्डच्या जुन्या वाड्यात तिला रात्री-अपरात्री विचित्र हसणं ऐकू येतं. एका रात्री मालकाच्या, म्हणजे रॉचेस्टरच्या, बिछान्याला आग लागते. पुढे दोघांचं लग्न लागणार, इतक्यात चर्चमध्येच उलगडा होतो की, रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत आहे. बर्था मेसन. वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर १० वर्षं कोंडलेली!

गॉथिक कथेला जुना वाडा, बंद दार आणि किंकाळी लागतेच. बर्था तिथे भुताच्या जागी येते. ती जनावरासारखी हातापायांवर धावताना दिसते. तिची कहाणी सांगतो तो तिचा नवरा. पण त्याच्याच तोंडून काही गोष्टी निसटतात. ती जमैकाची. तिच्यासोबत ३० हजार पौंड आले. लग्न ठरवलं ते वडीलधाऱ्यांनी, पैशाकडे बघून. त्या काळी इंग्लंडात लग्नानंतर बायकोचा पैसा सहसा नवऱ्याचा होई. आणि वेड हे घटस्फोटाचं कारण नव्हतं. ते तिथे १९३७च्या कायद्याने मान्य झालं. पैसा हवा, बाई नको, आणि सोडताही येत नाही. मग उरते ती कुलपाची खोली.

शार्लटचा प्रामाणिकपणा असा की, १८४८च्या एका पत्रात तिने कबुली दिली : बर्थाबद्दल करुणाच वाटायला हवी होती, माझ्या हातून भीती जास्त रंगवली गेली.

ही अपुरी करुणा १९६६ साली जीन ऱ्हीसने पुरी केली. ती स्वतः कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर जन्मलेली. तिच्या ‘वाइड सारगॅसो सी’मध्ये ही बाई स्वतः बोलते. तिचं नाव आँत्वानेत आहे. ‘बर्था’ हे नवऱ्याने लादलेलं.

इथे मी पुस्तक मिटलं. लहानपणी आमच्या गल्लीत एका घराच्या मागच्या खोलीला बाहेरून कडी असे. सासरहून परत पाठवलेली एक बाई आत होती. आम्ही पोरं खिडकीखाली जाऊन ‘पगली, पगली’ ओरडायचो. ती हसली की घाबरून पळायचो. तिला सासरहून का पाठवलं, हे आम्ही कुणाला विचारलं नाही. एक दिवस खिडकी रिकामी दिसली. तेही कुणी बोललं नाही.

तिचं नाव मला आजही ठाऊक नाही. तेव्हापासून माझ्या गझलेत ‘दिवाना’ हा शब्द आला की लेखणी थबकते. तो शब्द मी फुकटात वापरला. त्याची किंमत कडीच्या आत कुणी तरी मोजत होतं.