नामपट्टी हरवलेला कोळी : ओळख, नाव आणि संगोपन

पेटीतील प्राणी डोळ्यांसमोर आहे, त्याचे आठही पाय मोजता येतात, रंग स्पष्ट दिसतो. परंतु पेटीवरील नामपट्टी गळून पडलेली आहे. टॅरेंट्युला नावाने ओळखले जाणारे मोठे केसाळ कोळी पाळणाऱ्यांपुढे ही अडचण वारंवार उभी राहते. मूळ मालक प्राणी दुसऱ्याच्या स्वाधीन करून निघून जातो, विक्रेता मोघम नाव सांगतो, पिल्लांच्या डब्या एकमेकींत मिसळतात. अशा वेळी दोन प्रश्न उत्पन्न होतात : हा कोळी कोण, आणि ते कळेपर्यंत त्याला जगवावयाचे कसे? पहिला प्रश्न सुटल्यावाचून दुसरा सुटत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. विषय प्राणिशास्त्राचा असला, तरी नाव आणि वस्तू यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्या भाषाभ्यासकालाही त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१. नावाचे स्थलांतर

‘टॅरेंट्युला’ हा शब्द स्वतःच नामपट्टी बदललेल्या कोळ्याचे उत्तम उदाहरण आहे. तो दक्षिण इटलीतील तारांतो या नगराच्या नावावरून आला. मुळात तो तेथील लांडगा-कोळ्याचा वाचक होता; त्याच्या दंशावर बेभान नृत्य हाच उपाय, अशी त्या प्रदेशात समजूत होती. लिनिअसने १७५८ साली जातिनाम म्हणून हाच शब्द त्या कोळ्याला दिला. पुढे युरोपीय लोक अमेरिकेत गेले, तेथील प्रचंड केसाळ कोळी त्यांनी पाहिले आणि ओळखीचे नाव अनोळखी प्राण्याला लावले. आज इंग्रजीत हा शब्द थेराफोसिडी या कुलाचा वाचक आहे. या कुलात एक हजाराहून अधिक जाती आहेत, आणि ज्याच्यामुळे नाव पडले तो इटालियन कोळी मात्र त्यांत नाही. तात्पर्य, केवळ ‘टॅरेंट्युला’ म्हणणे म्हणजे संगोपनाच्या दृष्टीने जवळजवळ काहीच न सांगणे होय.

२. शरीर काय सांगते

नामपट्टी नसली तरी शरीर मुके नसते. सर्वप्रथम उदराचा वरचा भाग पाहावा. अमेरिका खंडातील बहुसंख्य जातींच्या उदरावर आग उत्पन्न करणारे सूक्ष्म केस असतात. कोळी चिडला म्हणजे मागच्या पायांनी ते उडवितो, आणि त्या जागी टक्कल पडते. असे टक्कल दिसले तर कोळी अमेरिकेतील आहे, असे निश्चित म्हणता येते. याचा व्यत्यास मात्र खरा नाही. टक्कल नाही म्हणून कोळी आशिया-आफ्रिकेतील ठरत नाही. कारण त्याने कदाचित केस उडविले नसतील, शिवाय प्साल्मोपिअस यासारख्या काही अमेरिकी वंशांत हे केस मुळातच नसतात. चिन्हाचे अस्तित्व पुरावा असते, अभाव पुरावा नसतो, हा भाषिक सामग्रीबाबतचा नियम येथेही लागू पडतो.

दुसरी खूण पायांची. पावले रुंद व चपटी, शरीर हलके आणि जाळ्याची नळी उंचावर बांधलेली असल्यास कोळी वृक्षवासी मानावा. शरीर जड असून तो जमिनीवर वावरत असेल तर भूचर, आणि माती मिळताच खोल उकरू लागला तर बिळात राहणारा.

तिसरी खूण कातेची. कोळी वाढताना कात टाकतो. ती फेकून न देता, ओली असतानाच हलक्या हाताने पसरून ठेवावी. मादीच्या शुक्रकोशाची आकृती कातेच्या आतील बाजूस उमटलेली असते. तीवरून लिंग कळते, आणि पुष्कळदा जातिनिर्णयास आधारही मिळतो. जिवंत प्राण्याला हात न लावता मिळणारा हा सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज होय.

३. शरीर काय सांगत नाही

तथापि या खुणांना मर्यादा आहेत. मेक्सिकोतील लाल गुडघ्यांचा कोळी कित्येक वर्षे ‘ब्रॅकिपेल्मा स्मिथी’ या नावाने विकला जात असे. मेंडोझा व फ्रँके यांनी २०१७ साली या वंशाची पुनर्तपासणी केली, तेव्हा पाळीव कोळ्यांपैकी पुष्कळसे ‘ब्रॅकिपेल्मा हमोरी’ या निकटच्या जातीचे असल्याचे स्पष्ट झाले. दोहोंचे रंग जवळजवळ सारखे, प्रदेश मात्र भिन्न. पेट्यांवर नामपट्ट्या होत्या, पण त्यांतील अनेक चुकीच्या होत्या.

स्थलनिर्देशाचीही हीच कथा आहे. निळ्या रंगासाठी प्रसिद्ध असलेल्या ‘पोएसिलोथेरिया मेटॅलिका’ या भारतीय जातीचे वर्णन पोकॉक यांनी १८९९ साली एकाच नमुन्यावरून केले. तो नमुना घोरपड्यांमुळे मराठ्यांच्या इतिहासात परिचित असलेल्या गुत्ती येथील रेल्वेच्या लाकूड-वखारीत सापडला होता. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ही जाती पुन्हा आढळली नाही. २००१ साली ती नंद्याळ व गिद्दलूर यांच्यामधील अरण्यात सापडली. लाकडांबरोबर तो पहिला कोळी रेल्वेने गुत्तीस आला असावा, हेच संभवते. बोलीचा नमुना देणारा मनुष्य ज्या गावी भेटला तेच त्याचे गाव मानणाऱ्या क्षेत्रकार्यकर्त्याची चूक अशीच असते.

४. नावावाचून संगोपन

मग नाव कळेपर्यंत काय करावे? येथे उपरोक्त समज ढासळतो. जगविण्यासाठी जातीचे नाव आवश्यक नाही. राहणीचा प्रकार कळणे पुरेसे आहे. वृक्षवासी कोळ्याला उंच पेटी, उभी साल व हवेची ये-जा द्यावी. भूचराला खोल माती द्यावी, परंतु मातीपासून झाकणापर्यंतची उंची त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून अधिक ठेवू नये. कारण उंचावरून पडल्यास उदर फुटून तो मरतो. बिळात राहणाऱ्यास याहूनही अधिक माती लागते. राहणीविषयी शंका असल्यास ठेंगण्या पेटीत माती व तिरकी साल दोन्ही ठेवून तो कशाची निवड करतो ते पाहावे. स्वच्छ पाण्याचे उथळ भांडे सर्वांस द्यावे. बहुतेकांना सुमारे २२ ते २७ अंश सेल्सियस तापमान मानवते. दिव्याची थेट उष्णता देऊ नये.

भक्ष्य कोळ्याच्या उदराहून मोठे नसावे. कोळी उताणा पडलेला दिसला तर तो मेला असे समजून हलवू नये. तो बहुधा कात टाकीत असतो. त्या वेळी पेटीत उरलेले जिवंत भक्ष्य मऊ शरीरास इजा करू शकते, म्हणून ते आधीच काढावे. नव्या विषदंतांचा पांढुरका रंग जाऊन ते काळे होईपर्यंत अन्न देऊ नये.

अनोळखी कोळी हातावर घेणे सर्वथा टाळावे. तो जलद आणि तीव्र विषाचा आहे असेच गृहीत धरावे. पोएसिलोथेरिया वंशाच्या दंशाने स्नायूंत दीर्घकाळ वेदनामय आकडी येते. अमेरिकी कोळ्यांचे केस डोळ्यांत गेल्यास गंभीर दाह होतो.

५. कोरी जागा

मग नावाची खरी गरज कोठे? ती दोन ठिकाणी आहे : प्रजननात आणि कायद्यात. चुकीच्या नावाने जोडी लावल्यास संकर होतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद दूषित होते. म्हणून अनिश्चित कोळ्यापासून प्रजा घेऊ नये. ब्रॅकिपेल्मा वंश १९९४ पासून व पोएसिलोथेरिया वंश २०१९ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. भारताच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ च्या दुरुस्तीने या करारातील जातींसाठी स्वतंत्र अनुसूची जोडली असून, असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन घातले आहे. म्हणून निर्णय तज्ज्ञाकडून करून घेणे, हे येथे केवळ कुतूहल नव्हे, तर कर्तव्य आहे.

तोपर्यंत नामपट्टीवर काय लिहावे? कोठून व कोणत्या दिवशी आला, कोणत्या नावाने दिला गेला, कात कधी टाकली आणि कोणती लक्षणे पाहिली, एवढेच लिहावे. जातीच्या नावाची जागा कोरी ठेवावी. मादी वीस वर्षांहून अधिक जगू शकते, म्हणजे ती पेटी पुढे दुसऱ्याच्या हाती जाण्याचा संभव मोठा. कोरी जागा पाहून तो मनुष्य शोध चालू ठेवील. चुकीचे नाव पाहिले तर तो शोधावयाचेच सोडून देईल.