आधी पूजा, मग देव

दर ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन. मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये थर्माकोलचे भोपळे टांगले जातात, आणि इंग्लंड-अमेरिकेतली वर्तमानपत्रं नेमाप्रमाणे आजच्या ‘विच’ मंडळींच्या मुलाखती छापतात. फोटोत काळा झगा, मेणबत्त्या, जमल्यास एखादं मांजर. आणि मुलाखतीच्या शेवटी ठरलेला प्रश्न, तुमचा या देवांवर खरोखर विश्वास आहे का? विचारणाऱ्याचा सूर बहुधा ‘आता सापडलात’ असा. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवदेवतांना भजणारा, असल्याचं लिहिलं, तर १३ हजारांनी विक्का, म्हणजे त्यातलाच विच-पंथ. एवढ्या माणसांनी स्वखुशीने धर्माच्या रकान्यात जे नोंदवलं, त्याची गंमत करून बातमी होते, समज वाढत नाही. विश्वासाचा प्रश्न ख्रिस्ती धर्मात पहिला असतो, कारण तिथे ‘मी मानतो’ असं म्हणूनच माणूस आत येतो. पेगनांकडे तो फार तर शेवटून दुसरा. त्यांच्याकडे आधी पूजा येते आणि देव तिच्या मागून चालत येतो. हे ध्यानात घेतलं नाही, तर त्यांची देवाची कल्पना एक तर पोरखेळ वाटते, नाही तर थोतांड.

या विच-पंथाची सुरुवात जेराल्ड गार्डनरपासून करावी लागते. मलायात कस्टम्सची नोकरी करून १९३६ मध्ये निवृत्त झालेला हा इंग्रज. इंग्लंडमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये याचं ‘विचक्राफ्ट टुडे’ बाजारात आलं. चाबूक, नग्नपूजा वगैरे गोष्टींनी तेव्हा खळबळ उडाली. त्या गदारोळात पुस्तकातली सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र बाजूलाच राहिली. गार्डनरच्या म्हणण्याप्रमाणे विच लोकांचे देव सर्वशक्तिमान नाहीत. माणसांचं, गुराढोरांचं, पिकांचं भलं व्हावं ही त्यांची इच्छा असते, पण ती पुरी करायला त्यांना माणसाची मदत लागते, आणि ती मदत नाचातून, विधींतून पोचते. विश्वाचं आदिकारण कुठे तरी असेलही, पण त्याच्याशी आपला रोजचा व्यवहार नाही. जगात दुःख का आहे, या प्रश्नावर ख्रिस्ती पंडितांनी शतकानुशतकं डोकं फोडलं, ते देव दयाळूही आणि सर्वसमर्थही मानल्यामुळे. इथे ‘सर्वसमर्थ’ हा शब्दच खोडला, की गुंता उरत नाही. उरतं ते देवाणघेवाणीचं नातं. अशा नात्यात ‘मानता का’ यापेक्षा ‘देता काय, करता काय’ याला वजन येणं ओघानेच आलं.

हे प्रत्यक्ष कसं चालतं, ते ‘चंद्र उतरवणे’ या विधीत दिसतं. काळ्या मुठीच्या सुरीने वर्तुळ आखलं जातं. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी, अशी चारी दिशांना हाक घातली जाते. मुख्य पुजारीण छातीवर हात दुमडून उभी राहते; पुजारी तिच्यासमोर गुडघे टेकून देवीला तिच्यात बोलावतो. मग ती हात उघडते आणि देवीच्या तोंडचं निवेदन म्हणते, ‘मी’ म्हणून. पुढे केक आणि वाइनचा प्रसाद. आपल्याकडचं अंगात येणं इथे आठवणारच, पण फरक मोठा आहे. घुमणाऱ्या बाईच्या तोंडून काय निघेल, हे देव्हाऱ्यापुढे बसलेल्यांना ठाऊक नसतं. इथे संहिता बहुतेकांना तोंडपाठ असते. ती लिहिली कोणी, हेही माहीत असतं: १९५३ मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंट यांनी. गार्डनरच्या मूळ मजकुरात ॲलिस्टर क्राउली या तांत्रिकाची वाक्यं जागोजागी दिसताहेत, हे त्यांनी ओळखलं. चांगलं जमत असेल तर तुम्हीच लिहा, असं गार्डनरने म्हटल्यावर त्यांनी ते नव्याने रचलं. देवीचं भाषण एका बाईने बसून लिहिलं, हे उघड गुपित. तरीही ते म्हणताना ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो.

मग हे नाटक नव्हे का? या आक्षेपाला सर्वांत भरीव उत्तर दिलं ते टान्या लुअरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी. एरवी अशा लेखात त्यांना दोन ओळी मिळतात. मी जास्त देणार आहे. केंब्रिजला संशोधन करताना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या लंडनमधल्या विच आणि जादू-उपासकांच्या मंडळांत वावरल्या. १९८९ मध्ये त्यावरचं पुस्तक आलं. त्यांना भेटलेली माणसं भोळीभाबडी नव्हती, चांगली शिकलेली, मध्यमवर्गीय होती. कित्येक जण तर संगणकाच्या कामातले. कोणी युक्तिवाद पटून आलं नव्हतं. बहुतेक कुतूहलाने आले, विधी करू लागले, डोळे मिटून प्रतिमा रंगवण्याचा रोजचा सराव करू लागले, आणि घटनांकडे बघण्याची त्यांची रीत नकळत सरकत गेली. आधी ‘योगायोग’ म्हणायचे, तिथे वर्षा-दोन वर्षांनी ‘खूण’ म्हणू लागले. बाईंनी स्वतःही तो सराव केला. आर्थरच्या काळावरची एक कादंबरी वाचून झोपल्या असता सकाळी त्यांना खिडकीशी सहा ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुजारी, उभे दिसले; ताडकन उठल्या तर कोणी नाही. विशेष म्हणजे यावरून त्यांनी ना ड्रुइडांचं अस्तित्व सिद्ध केलं, ना स्वतःला वेड्यात काढलं. एवढंच म्हणाल्या की सरावाने मन तयार होतं. पुढे त्यांनी मुंबईच्या पारशी समाजावर पुस्तक लिहिलं, मग अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती मंडळींवर. तिथेही भाविक देवासाठी कॉफीचा दुसरा कप भरून समोर ठेवताना आणि त्याच्याशी गप्पा मारताना दिसले. थोडक्यात, देव खरा वाटावा म्हणून कष्ट घ्यावे लागतात, आणि ते सगळेच धर्म घेतात. पेगन ते लपवत नाहीत, इतकंच.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: हा धर्मच बनावट आहे. गार्डनरने तो अश्मयुगापासून गुप्तपणे चालत आल्याचं सांगितलं, त्याला आधार मार्गारेट मरे यांच्या १९२१च्या पुस्तकाचा. आणि मरे यांचा तो सिद्धांत इतिहासकारांनी केव्हाच मोडीत काढला आहे. ब्रिस्टल विद्यापीठाच्या रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये ‘द ट्रायंफ ऑफ द मून’मध्ये या धर्माची जडणघडण सविस्तर दाखवली: थोडी रोमँटिक कविता, थोडे गुप्तपंथ, थोडं लोकसाहित्याचं वेड. ज्या धर्माचा पाया श्रद्धाविधानांवर असतो, तो अशा पुस्तकाने हादरला असता. इथे काही जण चिडले खरे, पण असंख्य पेगनांनी हटन यांना डोक्यावर घेतलं, विधी चालूच राहिले. आधी पूजा, या क्रमाचा याहून ठळक पुरावा मला दुसरा दिसत नाही. नवा आहे म्हणून खोटा, हा न्याय लावला तर जगातला प्रत्येक धर्म त्याच्या पहिल्या शंभर वर्षांत खोटा ठरेल.

आपल्याकडे एक वर्ग हे वाचून सुखावतो: बघा, अनेक देव, देवी, निसर्गपूजा, म्हणजे हे मूळचे आपलेच! हा उत्साह जरा आवरायला हवा. अमेरिकेतल्या देवीपंथीयांनी इसिस आणि डायनाच्या पंगतीला काली बसवली खरी, पण तिच्या मागची परंपरा, तिचे पुजारी, तिचे रुसवेफुगवे यांची दखल क्वचितच घेतली. आपल्याकडे कुलदैवत जन्माने मिळतं, तिथे माणूस देव निवडतो. आणखी एक गोष्ट या सुखावण्यात राहून जाते. महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये करावा लागला, कारण इथे एखाद्या बाईवर चेटकिणीचा शिक्का गाव मारतं आणि त्यापायी तिचे हाल होतात. सॅन फ्रान्सिस्कोतली बाई तो शिक्का आपल्या हाताने मिरवते. तिच्या धैर्याचं कौतुक असावं, पण दोघींना एका रांगेत उभं करू नये.

माझ्या मांडणीला खरी अडचण आतूनच येते. ओडिन, थोर या नॉर्स देवांना भजणाऱ्यांत आणि इतर पेगनांतही एक मोठा गट म्हणतो, देव ही प्रतीकं नव्हेत, मनाचे खेळही नव्हेत. ते स्वतंत्र व्यक्ती आहेत, प्रत्येकाची मर्जी वेगळी. त्यांना सगळ्या देवींना एकाच महादेवीत विरघळवणं म्हणजे उद्धटपणा वाटतो. उलट आइसलंडमध्ये १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढच्याच वर्षी सरकारमान्य झालेल्या आसात्रू या नॉर्स देवांच्या उपासकांच्या संघटनेचे प्रमुख, संगीतकार हिल्मार हिल्मारसन यांनी जाहीरपणे सांगितलं आहे की आठ पायांच्या घोड्यावरच्या एकाक्ष म्हाताऱ्यावर, म्हणजे ओडिनवर, शब्दशः कोणी विश्वास ठेवत असेल असं त्यांना वाटत नाही. या कथा निसर्गशक्तींची आणि मानवी मनाची रूपकं आहेत. इतकं टोकाचं मतांतर असूनही दोघं एकाच पेल्यातलं मीड, म्हणजे मधाचं मद्य, एकाच देवाच्या नावाने जमिनीवर ओततात. स्टारहॉक या अमेरिकी विच बाईने तर ‘स्पायरल डान्स’मध्ये वादच मोडीत काढला: दगडावर कोणी विश्वास ठेवत नाही, तो हाताला लागतो, देवीचंही तसंच. हे उत्तर चतुर आहे, पण मला पुरेसं वाटत नाही. दगड न मानणाऱ्याच्याही पायाला लागतो. देवी सराव केलेल्यालाच जाणवते.

सरकारी दप्तराला मात्र असली लवचीकता परवडत नाही. ड्रुइड नेटवर्क या ब्रिटिश संस्थेने धर्मादाय नोंदणीसाठी अर्ज केला, तेव्हा तुम्ही नेमकं कशाला भजता, हे ठरवण्यात चॅरिटी कमिशनची वर्षं गेली. अखेर २०१० मध्ये निर्णय आला की निसर्गातल्या चैतन्याला ही मंडळी मानतात, आणि कायद्याला लागणारं परमतत्त्व म्हणून तेवढं पुरे. अधिकाऱ्यांनी आपल्या साच्यात बसेल असा देव शोधून दिला, ड्रुइडांनी तो मुकाट घेतला. आता पुढचा पेच घरातला आहे. समाजशास्त्रज्ञ हेलन बर्जर यांनी १९९०च्या दशकातच अमेरिकेतल्या विच कुटुंबांतल्या मुलांकडे लक्ष वेधलं होतं. आईबापांनी मोठेपणी, स्वतः निवडून घेतलेली देवी या मुलांना आयती मिळते, आपल्या कुलदैवतासारखी. निवडीचं मोल जाणणारे हेच पालक मुलांवर ती लादायला बिचकतात, आणि बहुतेक मंडळं अठरा वर्षांखालच्यांना दीक्षा देत नाहीत.