विश्लेषण : चेअरलिफ्टचा वेग दुप्पट, तरी रांग का हटत नाही?

बर्फावरून घसरत खाली यायला काही मिनिटे पुरतात. पुन्हा वर जायला मात्र त्याहून जास्त वेळ लागतो, ही स्कीइंग करणाऱ्यांची जुनी तक्रार. वेगवान चेअरलिफ्टने ती बरीच दूर केली. गर्दी मात्र कमी झाली नाही, तिची जागा बदलली.

वेग कसा वाढला?
पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये अमेरिकेतील सन व्हॅली येथे सुरू झाली. जहाजात केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रणेवरून अभियंता जेम्स करन यांना ती सुचली. अशा लिफ्टमध्ये खुर्ची दोराला कायमची जखडलेली असते. लोकांना चढता-उतरता यावे म्हणून दोर सेकंदाला सुमारे अडीच मीटर इतकाच फिरवतात. नव्या प्रकारात स्थानकात खुर्चीची पकड दोरावरून सुटते, खुर्ची संथ सरकते आणि लोक बसले की पुन्हा दोर पकडते. त्यामुळे दोर सेकंदाला पाच मीटर धावू शकतो. कोलोरॅडोतील ब्रेकनरिज येथे १९८१ मध्ये अशी चार आसनी लिफ्ट आली.

मग रांग का राहते?
समजा, लिफ्ट १,५०० मीटर लांब आहे आणि दर सहा सेकंदांनी चार आसनी खुर्ची सुटते. वेग कोणताही असो, तासाला २,४०० जणच वर जातात. फरक पडतो तो प्रवासाच्या वेळेत. दहा मिनिटांचे पाच होतात. संथ लिफ्टवर एका वेळी ४०० जण चढणीवर बसलेले असतात, वेगवान लिफ्टवर २००. उरलेले २०० जण उतारावर किंवा रांगेत दिसतात.

फायदा-तोटा काय?
बोचऱ्या वाऱ्यात बसून राहण्याचा वेळ निम्मा होतो. रांग छोटी असेल तर दिवसभरात फेऱ्याही वाढतात. पण पायांना मिळणारी विश्रांतीही निम्मी होते. सहा-आठ आसनी लिफ्ट बसवली तर रांग घटते. मात्र तासाला जास्त लोक उतारावर येतात. दाटी वाढते आणि बर्फ लवकर खरवडला जातो.

संथ लिफ्ट कुणाला हवी?
व्हरमाँटमधील मॅड रिव्हर ग्लेन हे स्कीइंग करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचे केंद्र. तेथील १९४८ची एक आसनी लिफ्ट २००७ मध्ये नव्याने उभारली, तीही एक आसनीच. वर कमी लोक गेले की उतार मोकळा राहतो. म्हणूनच लिफ्ट निवडताना वेगाइतकाच उतार किती जणांना पुरेल, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.