मी तर इथेच होते!

गेल्या वर्षी शिक्षकखोलीतल्या संगणकावर वर्गातल्या ४२ मुलांची माहिती भरत होते. जन्मतारीख, पत्ता, आईचं नाव, सगळं एकाच लांबलचक पानावर. तासाभराने ‘जतन करा’ दाबलं, तर उत्तर आलं, ‘आपले सत्र संपले आहे.’ भरलेलं सगळं गेलं! मी तर जागेवरून हललेही नव्हते. मग सर्व्हरला मी निघून गेले असं का वाटलं?

वेबची भाषा, एचटीटीपी, मुळातच विसराळू आहे. ब्राउझरने पान मागायचं, सर्व्हरने द्यायचं, की व्यवहार संपला. पुढची मागणी त्याच माणसाची की दुसऱ्याची, हे तिला ठाऊक नसतं. यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी कुकीचा उपाय काढला.

पूर्वी बँकेत पैसे काढताना पितळी बिल्ला मिळायचा, आठवतं ना? त्यावर नुसता आकडा. नाव, रक्कम खिडकीमागच्या वहीत. आपण प्रवेश केला की सर्व्हरही असाच एक क्रमांक कुकीतून देतो आणि आपली नोंद स्वतःकडे ठेवतो. ब्राउझर दर मागणीबरोबर तो क्रमांक दाखवतो. मात्र बिल्ल्यासारखा तो ओळीने येणारा नसतो. कुणाला अंदाज बांधता येऊ नये इतका लांब आणि विस्कळीत असतो. कारण क्रमांक ज्याच्या हाती, त्यालाच सर्व्हर ‘तुम्ही’ समजतो.

बिल्ला न परतवताच कुणी निघून गेलं तर? सर्व्हरला काहीच दिसत नाही. म्हणून तो शेवटच्या मागणीपासून वेळ मोजतो. टॉमकॅटमध्ये ही मुदत मुळात ३० मिनिटांची असते, पीएचपीत १४४० सेकंदांची, म्हणजे २४ मिनिटांची. (पीएचपीत एक गंमत आहे. मुदत संपलेल्या नोंदी झाडायचं काम मुळात सरासरी १०० सत्रारंभांतून एकदाच होतं. वर्दळ कमी असेल तर शिळी नोंदही बराच काळ चालून जाते!)

आता माझी चूक लक्षात आली असेल. माझं टंकलेखन माझ्याच संगणकात चाललं होतं. ‘जतन करा’ दाबेपर्यंत सर्व्हरकडे एकही मागणी गेली नव्हती. त्याच्या लेखी मी तासभर गप्प होते.

याची दुसरी बाजू अधिक काळजीची. पानाची खिडकी मिटली तरी सर्व्हरला ते सहसा कळत नाही. ‘बाहेर पडा’ दाबलं, तरच तो नोंद तिथल्या तिथे रद्द करतो. त्या दिवशी मी पुन्हा प्रवेश केला, तेवढ्यात घंटा झाली. वैतागून नुसती खिडकी मिटली आणि वर्गावर गेले. माझ्यामागून सहावीची दोन मुलं त्याच संगणकावर येऊन बसली होती.